गंगेला नोटीस

मालूबाई रंगारणीचं पोस्टकार्ड शालिग्राम मास्तरांच्या टेबलावर कितीतरी दिवस पडून होतं. 'मास्तर, मोतीलाल शेटच्या अंगणात गंगा आली आणि आमच्या गल्लीचा नळ कोरडा पडला. पाण्यावाचून रंगाच्या हंड्या पालथ्या आहेत. धंदा बसला. तुम्ही कमेटीचे मेंबर. गंगेविरुद्ध अर्ज करता येतो का?'

मास्तरांनी उत्तराचे मसुदे केले आणि फाडले. नगरपालिकेचे नियम त्यांना तोंडपाठ होते. पण सभेत बोलायचं म्हटलं की ते कागद चाळत बसायचे. सरकारनं नेमलं म्हणून ते मेंबर झाले होते. आजवर सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकला असेल तर तो हजेरीच्या वेळीच.

इकडे मोतीलाल शेटच्या अंगणात पूर लोटला होता, माणसांचा. शाहपूर-धूलकोटहून बैलगाड्या येत, चांदनी गावच्या बायका कळशा घेऊन रेल्वेनं उतरत. अंगणात संगमरवरी गोमुख आणि शेजारी वाघाच्या कातड्यावर गंगानाथ महाराज. आपण एका संस्थानचे राजगुरू होतो, असं ते सांगत. संस्थान भारतात विलीन झालं, राजेसाहेब तनख्यात विलीन झाले आणि राजगुरू मोतीलाल शेटच्या शिरा-पुरीत.

"बच्चा, सरकारनं राज्य घेतलं, तोफा घेतल्या, हत्ती घेतले," महाराज जटेवरून हात फिरवत म्हणायचे. "गंगामैया कशी घेणार? तिचा मुक्काम इथं."

मग शंख वाजायचा. गोमुखातून आधी गुरगुर यायची, मग फुसफुस. मैया हुंकारतेय, असं म्हणून लोक लोटांगण घालत आणि धार सुटायची. गंगा मोठी नेमाची होती. सकाळी यायची, संध्याकाळी यायची; दुपारी तिला हिमालयात विश्रांती लागे.

मास्तरही एकदा चोरासारखे मागं उभे राहून तीर्थ पिऊन आले. चव थेट गावाच्या नळांना येणाऱ्या कुंडी भंडाऱ्याच्या पाण्याची. आणि ती गुरगुर तर त्यांच्या न्हाणीघरातला नळ रोज सकाळ-संध्याकाळ पाणी सुटताना करायचा. रिकाम्या पाइपात पाणी शिरलं की आतली हवा असंच बोलते. पण वकील-डॉक्टर हात जोडून उभे असताना आपण कोण सांगणार? आपलीच जीभ म्हातारी झाली असेल, कानही. मास्तर घरी आले आणि आणखी एक मसुदा फाडला.

तेवढ्यात शेटचा अर्ज कमेटीपुढं आला. गल्ली गंगेच्या देवस्थानाला द्यावी आणि तो कोरडा नळ उपटून टाकावा. अध्यक्षांचा हात मंजुरीसाठी वर जाणार, तोच मास्तर शेजारच्या कारकुनाच्या कानात पुटपुटले, की सार्वजनिक रस्ता देण्याआधी जागेवर जाऊन लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. कारकुनानं ते मोठ्यानं सांगितलं. अध्यक्ष खूश झाले. हरकतीही ऐकू, आरतीही घेऊ.

ठरल्या दिवशी सकाळी सगळी कमेटी अंगणात बसली. गंगा वाहत होती. हरकत घेणारी एकटी मालूबाई. एरवी कोपरापर्यंत निळे असणारे तिचे हात पार फिके पडले होते.

"गंगा तुम्ही ठेवा," ती म्हणाली, "माझा नळ मला द्या."

महाराज हसले. "बाई, तुझ्या पापानं आटला तो. तापीवर जाऊन धू तुझी लुगडी."

गर्दीही हसली. मालूबाईनं मास्तरांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मास्तर उठले.

"महाराज, एक शंका आहे. या पाण्याचा कमेटीच्या नळाशी काही संबंध?"

"शिव शिव. थेट स्वर्गातून येते, बच्चा."

"शेटजी, तुमचंही हेच म्हणणं?"

"बिलकुल."

मास्तरांनी कारकुनाला ते टिपून घ्यायला सांगितलं. मग गल्लीच्या तोंडाशी कमेटीचा पाणी सोडणारा माणूस लोटू उभा होता, त्याला खूण केली. लोटूनं गल्लीच्या नळाची जमिनीतली चावी फिरवली. गोमुखानं एक उचकी दिली, दोन थेंब गाळले आणि स्वर्ग बंद पडला.

महाराजांनी शंख फुंकला, पुन्हा फुंकला. मोतीलाल शेट मात्र तडक उठला. "हे काय चाललंय? नोटीस न देता पाणी तोडता? कायदा आहे की नाही?"

"आहे ना," मास्तर म्हणाले. आपला आवाज एवढा लांब जातो हे त्यांना प्रथमच कळत होतं. "पण नोटीस नळाला लागते, शेटजी. गंगेला कसली नोटीस? नळ आहे म्हणत असाल, तर बसा, आत्ता लिहून देतो."

शेटनं महाराजांकडं पाहिलं, महाराजांनी शंखाकडं. मग मालूबाई म्हणाली, "अगं बया, ही तर माझ्या नळाची सवत निघाली." आणि अख्खं अंगण खदखदलं.

अध्यक्षांना फरशी उकरायला सांगावंच लागलं. खाली शिशानं सांधलेला नवा पाइप निघाला. गल्लीच्या नळाचं तोंड आतून बुजवून तो गोमुखाच्या घशात नेला होता. शेटचा अर्ज तिथंच फेटाळला गेला. वाघाचं कातडं गुंडाळून महाराज कोणत्या गाडीनं गेले, ते स्टेशनवरच्या हमालालाही कळलं नाही.

नळाला पाणी आलं, हंड्या चुलीवर चढल्या. मास्तरांनी एक कोरं कार्ड घेतलं. या वेळी मसुदा केला नाही.

'मालूबाई, उत्तराला उशीर झाला. गंगेविरुद्ध अर्ज करता येत नाही. पण गंगेच्या नावानं कोणी तुमचं पाणी पळवलं तर जरूर करता येतो. पुढं कोणी हवेतून पाणी काढलं, राख काढली, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की हे येतं कुठून? देव खरा असेल तर तो अशा प्रश्नानं रागावणार नाही. आणि विचारायला मेंबर असावं लागत नाही. कळावे, शालिग्राम.'

मालूबाईचं घर दोन गल्ल्यांवर होतं. मास्तर चौकापर्यंत चालत गेले आणि कार्ड टपालपेटीत टाकून आले.