निळी तार

ती निळी तार माझी होती. अकरा वर्षं माझ्याच खणात, माझ्याच कुलपात. सफाक्स बंदरातल्या आमच्या ऑलिव्ह तेलाच्या कंपनीत फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा पहारेकरी, रुसला की मी ती तार घेऊन उठायचो आणि लोक आपोआप वाट द्यायचे. त्या मंगळवारी सकाळी नेट साफ बंद पडलं, दुपारी सुटणाऱ्या जहाजाचे कागद अडले. आमच्या साहेबांनी, सी तौफीकनी (सी म्हणजे आपलं श्री), मला खण उघडायला लावला आणि तार इन्साफच्या हातात दिली. इन्साफ म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी लागलेली पोर.

"लसाद, तू बस. हिला करू दे. जमलं तर यापुढे हे सगळं हीच बघेल."

माझा नुसता जळफळाट झाला. आणि कार्टीला जमत होतं! तारेचं एक टोक फायरवॉलच्या कन्सोल पोर्टात, दुसरं लॅपटॉपला, जोडणीचा वेग बरोबर लावला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली. पहिल्या वेळी मला दोन दिवस लागले होते.

फायरवॉलने पासवर्ड मागितला. तिजोरीतलं पासवर्डचं पाकीट फोडलं. आत माझ्या अक्षरात, रोमन लिपीत 'झितूना', म्हणजे ऑलिव्ह. तिने टाइप केलं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच दिसत नाही. नकार आला. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा चुकलं की फायरवॉल तासभर कुणाचं ऐकत नाही, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

कारण मला माहीत होतं. पासवर्ड ठेवला तेव्हाचा माझा लॅपटॉप अमेरिकन होता आणि बोटं आपली फ्रेंच कीबोर्डाची, ज्यावर काही अक्षरांच्या जागा वेगळ्या असतात. न बघता टाइप केलं, त्यामुळे झेडच्या जागी डब्ल्यू गेला, एच्या जागी क्यू. पुढे चूक कळली, पण कागद मी मुद्दाम सुधारला नाही. अडलं की सगळ्यांनी माझ्याच दारात यावं.

मी चहात पुदिना ढवळत बसलो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

इन्साफ माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सी लसाद, तुम्ही टाइप करताना कीबोर्डाकडे बघतच नाही ना? आल्यापासून बघतेय मी. मला तसं शिकायचंय."

"मग?"

"पासवर्ड ठेवला तेव्हाचा लॅपटॉप कुठला होता?"

"हाच," मी खोटंच सांगितलं.

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, परत गेली आणि तिसऱ्यांदा टाइप केलं, या वेळी झेडच्या जागी डब्ल्यू, एच्या जागी क्यू. फायरवॉल उघडला. दहा मिनिटांत नेट चालू झालं, कागद बंदरावर गेले.

सी तौफीकनी तिच्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. "कसं कळलं गं तुला?"

"सी लसादनी सांगितलं," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, अगदी पूर्वीसारखं. तिने तार नीट गुंडाळून माझ्यासमोर ठेवली. ती खणात ठेवायला माझा हात उचलेना. इन्साफला काम जमलं म्हणून मी जळलोच होतो. आता तिच्या मनाचा मोठेपणा बघून त्याहून जास्त जळत होतो.