लाल कुलूप नेमके कोणासाठी बंद होते?

मित्रांनो, मी कुलूप आहे. पण माझ्यामागे तिजोरी नाही, दार नाही, साधी पत्र्याची पेटीसुद्धा नाही. जन्मापासून मी याच गोंधळात आहे. आज तो तुमच्यापुढे मांडतो. तुम्हाला काही उलगडले तर मलाही सांगा.

वितळलेल्या पितळेतून मला ओतले, घासले आणि अंगावर लाल रंग चढवला. खोक्यात बसल्या बसल्या आम्ही भावंडे मोठमोठी स्वप्ने पाहत होतो. कोणी दागिने राखणार होते, कोणी दुकान. पण आम्हाला विकत घेतले एका पुठ्ठ्याच्या कारखान्याने. मी एका फिटरच्या वाट्याला आलो. माझ्या पोटावर त्यांचा मिशीवाला फोटो चिकटवला आणि माझी एकुलती एक किल्ली त्यांच्या खिशात गेली.

या फिटरना सगळा कारखाना दाजी म्हणे. खरे तर ते एकाच माणसाचे दाजी. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ त्याच खात्यात फिटर होता, तो हाक मारी म्हणून सगळेच मारू लागले. मग त्या भावालाही आपोआप मेहुणे हेच नाव पडले.

आता माझे काम ऐका. कारखान्यात एक भला मोठा लोखंडी हौद होता. त्यात रद्दी आणि पाणी पडे. तळाशी माणसाएवढे पाते गरगर फिरे आणि रद्दीचा लगदा करी. रद्दीच्या गठ्ठ्यांच्या तारा कधीकधी त्या पात्याला गुंडाळल्या जात. मग हौद रिकामा करायचा, शिडीने आत उतरायचे आणि तारा तोडून काढायच्या. माणूस आत असताना बाहेरून कोणी यंत्र चालू केले तर? म्हणून रीत अशी होती, की आधी मुख्य स्विचचा दांडा खाली ओढायचा आणि जो जो आत उतरणार, त्याने त्याने आपले कुलूप त्या दांड्याला लावायचे. शेवटचे कुलूप निघेपर्यंत दांडा वर जात नसे.

दाजी मला लावत, माझ्यावर हात ठेवून देवाचे नाव घेत आणि मग कडी एकदा ओढूनही पाहत. काम संपले की मला उघडत. अशी किती वर्षे गेली. मी वेळेवर मिटलो, वेळेवर उघडलो. शाबास असे कोणी म्हणाले नाही. भिंतीवर लटकून मी विचार करी, की मी राखतो तरी काय? बंद पडलेले यंत्र? ते कोण चोरून नेणार?

माझ्या शेजारी मेहुण्यांचे कुलूप असायला हवे होते. पण ते त्यांच्या सायकलच्या साखळीला होते. दाजींनी विचारले तेव्हा मेहुणे म्हणाले, "एवढं दणकट कुलूप भिंतीला काय करायचंय? तुमचं आहे की. का तुमच्या कुलपात सासरच्यांना जागा नाही?"

"सासरच्यांना घरात जागा दिली," दाजी म्हणाले, "कुलपात काय नाही म्हणणार."

दोघे हसले. तेव्हापासून दोघांमध्ये मी एकटा. मायेपोटीच झाले हो सगळे. म्हणून तर त्यात चूक आहे असे कोणालाच वाटले नाही. मला तर कोणी विचारलेच नाही.

एके दिवशी अशाच तारा अडकल्या. दाजींनी मला लावले, दोघे उतरले, तारा तोडून दोघे वर आले. दाजी हात धुवायला नळावर गेले. तेवढ्यात मेहुण्यांनी कमरेला हात लावून पाहिला. पक्कड आतच राहिली होती. ते शिडीकडे वळले आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मी बंद होतो. कुलूप आहे म्हणजे भीती नाही, असे समजून ते खाली उतरले.

इकडे दाजी हात पुसत आले आणि खिशातून किल्ली काढली.

मित्रांनो, त्या घटकेला मी कोणाचा होतो? फोटो दाजींचा, किल्ली दाजींची, आणि जीव मेहुण्यांचा. मला तोंड नाही. मी लोंबकळत राहिलो.

दाजींनी किल्ली घातली. ती फिरेना. माझ्या भोकात लगद्याचा कण जाऊन वाळला होता. यंत्राच्या बटणांच्या पॅनेलपाशी बसणाऱ्या बाईंनी हाक दिली, "दाजी, चालू करायचंय की मी घरी जाऊ?"

"थांबा हो बाई, कुलूप रुसलंय."

त्यांनी मला ठोकले, फुंकर मारली, तेलाचे दोन थेंब सोडले. अखेर किल्ली वळली आणि मी उघडलो. दाजींनी दांड्याला हात घातला. तोच हौदाच्या काठावर आधी पक्कड आली आणि मागून डोके.

"सापडली बघा, दाजी."

दाजींचा हात दांड्यावरून सुटला.

"तू आत होतास?"

"तुमचं कुलूप होतं ना."

"ते माझं होतं रे," दाजी म्हणाले. "ते फक्त माझं होतं."

मेहुणे हळूच म्हणाले, "ताईला सांगू नका."

"सांगणार. तिला नाही सांगितलं तर उद्या पुन्हा तुझ्यावर माया करीन."

दुसऱ्या दिवसापासून सगळे मला बघायला येऊ लागले. "याच कुलपाने जीव वाचवला," म्हणत. साहेब मला काचेच्या पेटीत ठेवायला निघाले होते. दाजींनी हात जोडले. "पेटीत नको साहेब. लोकांना वाटेल, आपण चुकलो तर कुलूप अडकेलच."

मी मात्र अजून गोंधळात आहे. वर्षानुवर्षे नीट उघडलो, तर कोणी बघितले नाही. एकदाच बिघडलो, तर माझा सत्कार. मग मी चांगले कुलूप की वाईट? काही जण म्हणाले, देव धावला. धावला असेल. तो धावतो यावर माझा विश्वास आहे. पण त्याला रोज रोज धावायला लावू नये.

म्हणून एकच मागणे. मोठे होऊन तुम्ही कोणत्याही यंत्राजवळ काम करा. आपल्या माणसावर कितीही माया असली, तरी त्याचे कुलूप त्यालाच लावू द्या आणि त्यालाच काढू द्या. किल्ली फिरवण्याआधी आत वाकून पाहा, नावाने हाक मारा. आता मला दर आठवड्याला तेल घालतात, किल्ली लगेच फिरते. मी उघडतो, मित्रांनो. आत कोण आहे, हे मला विचारता येत नाही.