टाकीवर आलेला आळ

घरगाडीतल्या संडासाची टाकी धुण्याचं काम कुणी कुणाला दिलं, हे त्या घरात कधीच ठरलं नव्हतं. ते आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. गाडी चालवायची नवऱ्याने, चारचौघांत गाडीच्या फुशारक्या मारायच्या नवऱ्याने, आणि हातमोजे चढवून ती चौकोनी टाकी बाहेर खेचायची, रिकामी करायची, घासायची मात्र हिने. तशी गाडी झकास होती. शेगडी, बेसिन, कपाटं, पलंग, सगळा चाकांवरचा संसार. घराशेजारी उभी असायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सोडलेल्या वायरवर तिची बॅटरी रात्रंदिवस चार्ज होत राहायची.

त्या आठवड्यात गाडीत नासक्या अंड्यांचा वास सुटला.

"टाकी नीट धुतली नाहीस तू," नवऱ्याने नाक मुरडून निकाल देऊन टाकला.

तिने धुतली. वास हटेना. "घाईघाईत उरकतेस," तो म्हणाला. तिने पुन्हा धुतली, झाकणाच्या रबराच्या खाचासुद्धा जुन्या टूथब्रशने घासून काढल्या. तरी वास तिथेच. "एवढी शिकलेली तू, साधी टाकी धुता येत नाही?" असं म्हणून तो हसला आणि त्याने आईकडे पाहिलं. सासूबाईही हसल्या. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण पाहुण्या आलेल्या सासूबाईंसमोर वाद कशाला, म्हणून तिने गिळलं.

सासूबाई थोडे दिवस राहायला आल्या होत्या. घरात टीव्हीचा कलकलाट, म्हणून दुपारी गाडीतल्या पलंगावर खिडक्या लावून निवांत झोपायच्या. वासाचं त्यांना काही नव्हतं. "माझं नाक केव्हाच रिटायर झालंय," म्हणायच्या. उठल्यावर डोकं मात्र गच्च धरून बसायच्या.

"वय झालं, आई," नवरा म्हणायचा. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असायचं, आणि त्यातल्या एकाही कारणात तो स्वतः नसायचा.

त्या दुपारी तिने टाकी उचलून थेट अंगणात आणली, झाकण उघडून उन्हात पालथी घातली आणि टाकीचा रिकामा कप्पा पुसायला फडकं घेऊन गाडीत शिरली. वासाचा भपकारा तोंडावर आला. ती दारातच थांबली. टाकी बाहेर अंगणात आणि वास आत!

म्हणजे आठवडाभर ती उगाचच घासत होती. संताप असा मस्तकात गेला की नवऱ्याला तिथूनच हाक मारणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष पलंगाकडे गेलं.

"आई! अहो आई, उठा!"

सासूबाई उठेनात. गालावर चापट्या मारल्या, तरी नुसत्या कण्हल्या. तिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना अक्षरशः ओढत बाहेर काढलं आणि अंगणातल्या खुर्चीत बसवलं. मोकळ्या हवेत त्यांना उलटी झाली, मग डोळे उघडले. "आरडतेस कशाला गं?" त्या पुटपुटल्या. ते शब्द ऐकून तिला रडूच फुटलं.

तिने पळत जाऊन स्वयंपाकघरातला प्लग उपटला, गाडीची दारं-खिडक्या सताड उघडल्या. आत वारा खेळू दिला आणि मग नाकाला फडकं बांधून पलंगाची फळी उचलली. खाली बॅटरी होती, दोन्ही बाजूंनी फुगलेली. हात जवळ नेला तरी धग लागत होती. वास तिचाच होता.

आरडाओरडा ऐकून नवरा बाहेर आला. तिने मेकॅनिकला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फुगलेल्या बॅटरीचं सांगितलं.

"बॅटरीत पाणी कधी घातलं होतं?" मेकॅनिकने विचारलं.

"पाणी? बॅटरीत?" नवरा म्हणाला.

"डिस्टिल्ड वॉटर हो, साहेब. अधूनमधून बघावं लागतं. पाणी आटलं आणि चार्जर दामटत राहिला की ती उकळते, विषारी वायू सोडते. आत कुणी झोपलं नव्हतं ना? पण काय, पलंगाशेजारचा गॅसचा अलार्म बोंबलला असेल म्हणा."

ती गाडीत गेली. अलार्मचा दिवा विझलेला होता. त्याची डबी भिंतीतून ओढली तर मागची वायर कापलेली, टोकांना काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. ती डबी तिने नवऱ्यासमोर धरली.

"वाजत होता सारखा," तो म्हणाला. "सिलिंडर तर बंद होता, मग म्हटलं, खोटाच वाजतोय. आई यायची होती. तिची झोपमोड नको, म्हणून मी..."

"कायमचीच झोपवत होतास की रे," सासूबाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पडला. तो आईच्या पायाशी बसला, तिचे हात हातात घेतले. "चुकलो, आई. माफ कर मला." डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. मग डोळे पुसून तो उठला. "चल, आधी डॉक्टरकडे जाऊ. किल्ली कुठंय?" हे त्याने हिला विचारलं.

अलार्म वाजला तेव्हा ह्याने वायर कापली, आणि वास आला तेव्हा ह्याला बायको दिसली.

"जायचंच आहे डॉक्टरकडे," ती म्हणाली. "आधी माझी माफी मागा."

"तुझी? तुझी कशाला?" तो खरोखरच गोंधळला. थोडं हसून त्याने नेहमीसारखं आईकडे पाहिलं.

सासूबाई खुर्चीचा हात धरून सावरून बसल्या.

"माझ्याकडे काय बघतोस? माग," त्या म्हणाल्या. "आणि आटप लवकर. तुझं झालं की मलाही मागायची आहे."