चिमणशेठच्या चाळीतली तिसरी खोली

मी खोली आहे. डहाणू रोड स्टेशनाजवळच्या चिमणशेठच्या कौलारू चाळीतली तिसरी. माणसं माझ्यात बसून साऱ्या गावाबद्दल बोलतात. आज माझं ऐका.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मी उभी राहिले. तेव्हा भाडेकरू मिळत नसत. शेठ गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन नवख्या माणसांना आग्रहाने घेऊन यायचा. तशीच एकदा पार्सल ऑफिसातले प्रल्हादराव आणि त्यांची बायको अहिल्या आली. तिने भिंतींना चुना दिला, फळी ठोकली, कोपऱ्यात देव मांडले. मी घर झाले.

मग महाराष्ट्र राज्य झालं. कचेऱ्या वाढल्या. बदलीवर आलेली माणसं बिऱ्हाडासाठी दारोदार हिंडू लागली. पागडी हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. शेठला माझ्यात ही वरकड रक्कम मोजणारा नवा भाडेकरू हवा होता. आधी त्याने अहिल्येला विहिरीवर पाणी भरायला अडवलं. तरी ही माणसं हलेनात.

एका चैत्रात, भर दुपारी, प्रल्हादराव कामावर असताना शेठ शुक्राला घेऊन आला. शुक्रा सरावलीचा मजूर, कौलं चढवणारा.

"दुरुस्ती करायची आहे, अहिल्याबेन. थोडे दिवस माहेरी जाऊन या."

अहिल्येच्या मांडीवर तान्ही लेक होती. "मी उंबरा ओलांडला की तुम्ही कुलूप घालाल. मी इथेच बसलेय. काढा कौलं."

शुक्रा वर चढला. कौलं निघू लागली. ऊन थेट बाळावर आलं. अहिल्या सरकली, तर तिथलीही कौलं निघाली. तिने पदराचा आडोसा धरला. पोर रडून रडून लाल झाली. मला माझ्या भिंती आत ओढून घ्याव्याशा वाटत होत्या.

वरचा हात थांबला.

"शेठ, खाली पोर हाय. मी नाय काढायचा."

"मग उद्यापासून माझ्या कामाला येऊ नकोस!"

"नाय येत."

आणि शुक्रा काढलेली कौलं पुन्हा बसवू लागला. शेठ ओरडत राहिला. चाळीतली माणसं एकेक करून अंगणात येऊन उभी राहिली. कुणी जागचं हललं नाही. शेवटी शेठ निघून गेला.

पुढे सरावलीच्या वाटेवर शेतांचे प्लॉट पडू लागले. शेठच्या कटकटीला कंटाळलेले प्रल्हादराव एका संध्याकाळी हसतच आत आले.

"अगं, प्लॉट ठरला! एक झोपडं आहे, तेवढं शेताचा मालक उठवून देणार."

"कुणाचं झोपडं?"

"असेल कुणा मजुराचं."

सकाळी अहिल्या स्वतः जागा बघायला गेली. परतली ती माझ्या भिंतीला टेकून बसूनच राहिली.

"शुक्राचं आहे, अहो. त्याच्या बायकोने, भिकीने, मला पाणी दिलं. मी कशाला आलेय, ते मला सांगता आलं नाही."

"आपण सोडला तर दुसरा घेईल."

"घेऊ दे. मी तिथे चूल मांडणार नाही."

"मग जन्मभर इथेच कुढायचं?"

प्रल्हादराव त्या दिवशी न जेवताच कामावर गेले.

प्लॉट दुसऱ्याने घेतला. झोपडं उठलं. जाताना शुक्रा माझ्या दाराशी आला. त्याच्या खांद्यावर झोपडीचे वासे होते, भिकीच्या डोक्यावर बोचकं.

"बाय, जातो आम्ही. तलासरीकडं."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाय. पण तिकडची जागा अजून कोणी मोजली नाय."

अहिल्येने भिकीला आत बोलावून जेवायला वाढलं. तो प्लॉट आधी आपणच घेणार होतो, हे सांगायला तिने दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा भातच वाढला.

अहिल्या अजून माझ्यातच राहते. प्रल्हादराव तिच्याशी कामापुरतंच बोलतात. परवा शेठचा मुलगा मोजायची टेप घेऊन आला होता. आम्हाला पाडून माडी बांधायची म्हणतो. माझं काही नाही, विटाच त्या. पण उद्या माझ्या जागी नव्या माडीत राहायला येणाऱ्या बाई, आधी शेठला विचारा, अहिल्या कुठे गेली. त्याने सांगितलं, तरच आत या.