सुरी मी माझीच आणीन

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो, पण भाजी चिरायची नव्हे. तसा गैरसमज पुढे काही जणांनी करून घेतला, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी मेण कोरणारी सुरी आहे. माझ्या एका टोकाला बोथट पातं, दुसऱ्या टोकाला इवलासा चमचा आणि मधे लाकडी मूठ. दात पडलेल्या माणसांसाठी कवळी करताना आधी मेणाच्या हिरड्या करतात आणि त्यांत एकेक दात बसवतात. ते काम माझं. दिव्यावर तापायचं, मेणात शिरायचं, गार व्हायचं, पुन्हा तापायचं. सगळा जन्म असा गेल्यावर स्वभाव तापट होणार नाही तर काय!

कवळ्या करणाऱ्या एका कारागिराने मला विकत घेतलं आणि आपल्या भाचीला दिलं. ती तेव्हा हेच काम शिकून नुकतीच बाहेर पडली होती. तिचा हात लहान, म्हणून मामाने माझी मूठ कानशीने घासून बारीक केली. तेव्हापासून मी दुसऱ्या कुणाच्या हातात नीट बसत नाही. मला बसायचंही नाही.

दातांच्या दवाखान्यामागच्या एका खोलीत आम्ही कामाला लागलो. तिथे सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. ताईची एक सवय होती. काम हाती घेण्याआधी ती पेशंटचा जुना फोटो मागायची.

"फोटो कशाला? माझं लग्न जमवायचंय का?" एका आजोबांनी विचारलं होतं.

"तुमचेच दात तुम्हाला परत द्यायचेत, आजोबा. शेजाऱ्याचे नकोत ना?"

फोटोत पुढचा एक दात जरासा तिरका होता. ताईने तो तिरकाच बसवला. कवळी घालून आजोबांनी आरशात पाहिलं. मग बाहेर बसलेल्या बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, ये इकडे, सापडलो मी!" त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पुढे एका परक्या देशाने सांगितलं की आम्हाला कुशल माणसं हवी आहेत. ताईचं काम त्यांना हव्या असलेल्या कामांत होतं. ताई आणि तिचा नवरा निघाले. विमानात सुरी हाताशी ठेवू देत नाहीत, म्हणून पायमोज्यात गुंडाळून मी मोठ्या बॅगेतून गेले.

तिथे पोचल्यावर ताई दातांच्या लॅबमागून लॅब पालथ्या घालू लागली. सगळीकडे चहा मिळायचा, कौतुक व्हायचं, आणि शेवटी एकच प्रश्न यायचा, "इथला अनुभव आहे का?"

"इथे कुणी काम दिलं तर इथला अनुभव येईल ना?" ताई म्हणायची.

ते हसायचे. "कळवतो," म्हणायचे. कळवलं कुणीच नाही. बोलावून घ्यायचं आणि दारात उभं करायचं, याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

घर तर चालायला हवं. नवरा गोदामात खोकी उचलू लागला. ताई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालू लागली. आणि मी? मी स्वयंपाकघरातल्या खणात, चमच्यांच्या शेजारी. माझ्या पात्याने कुणी पावाला लोणी लावलं, कुणी चिकटपट्टी कापली. मी गंजले नाही. गंजायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

एका रविवारी ताईचा नवरा भिंतीला रंग द्यायला बसला. डब्याचं झाकण निघेना, म्हणून त्याने माझं पातं त्यात खुपसलं. ताईने झडप घालून मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हत्यार आहे ते माझं!"

"अगं, एवढे दिवस हात तरी लावलास का त्याला?" तो बिचारा गांगरून म्हणाला.

"आता लावते," ताई म्हणाली.

तिने त्या देशाची परवान्याची परीक्षा द्यायचं ठरवलं. परीक्षेला दोनच संधी होत्या. दोन्ही गेल्या की हे काम त्या देशात कायमचं बंद. लॉन्ड्रीतून आल्यावर जेवायच्या टेबलावर दिवा पेटवून ताई सराव करायची. घरभर मेणाचा वास सुटायचा आणि माझ्या अंगात पुन्हा ऊब यायची.

पहिल्या परीक्षेत तिच्यापुढे बोळक्या जबड्याचा एक प्लास्टरचा साचा ठेवला. ताईने सवयीने फोटो मागितला.

"फोटो कुणाचा? हा साचा आहे, माणूस नाही," परीक्षक म्हणाले.

ताईला ते पटेना. साच्यात डावीकडची हिरडी झिजून सपाट झाली होती. म्हणजे याचे डावीकडचे दात फार आधी गेलेत, हा बरीच वर्षं उजवीकडेच चावत आलाय, असं तिने मनाशी जुळवलं आणि उजवीकडचे दात वयाला शोभतील असे किंचित घासून बसवले. परीक्षकांनी नवे, सारखे दात मागितले होते. ताई नापास झाली.

"या वेळी सरळ रांग लाव आणि मोकळी हो," नवरा म्हणाला. "आपलं डोकं नंतर चालव."

दुसऱ्या वेळी ताईने दातओठ खाऊन सरळ रांग लावली. पास झाली. पेढे वाटावेत असं मात्र तिला वाटलं नाही, आणि मलाही नाही.

परवाना मिळाला, तरी लॅबवाल्यांचा प्रश्न तोच. शेवटी एका लहानशा लॅबच्या मालकीणबाईंनी तो विचारला, तेव्हा ताईने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं.

"इथला अनुभव ना? आत्ताच घेते. मेण द्या, दिवा द्या, आणि एखाद्या खऱ्या माणसाचा साचा द्या. फोटोसकट."

मालकीणबाई उठल्या आणि सगळं घेऊन आल्या. फोटो मात्र पेशंटला फोन करून मागवावा लागला. तोवर ताई खुर्चीत ठाण मांडून बसली. फोटो आला आणि आमचं काम सुरू झालं. मी तापले, शिरले, गार झाले, पुन्हा तापले. फोटोतल्या बाईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ताईने ती ठेवली.

"लोकांना हल्ली सरळ, पांढरे दात हवे असतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"या बाईंना विचारलंत?"

मालकीणबाईंनी फोटो पाहिला, मेणातले दात पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. "विचारते," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या. हत्यारं लॅबची असतात."

"सुरी मी माझीच आणीन."

"आणा बाई!"

मित्रांनो, आता मी रोज तापते. वापरून झाल्यावर ताई मला पुसते आणि फडक्यात ठेवते. तुम्हीही आपली हत्यारं पुसून ठेवा, पण माझं मागणं तेवढंच नाही. तुमच्या शेजारी दूरदेशाहून आलेलं कुणी राहायला आलं, तर ते सध्या काय काम करतात हे विचारू नका. तुम्हाला काय काय येतं, असं विचारा. आणि विचारलंत की बसा, कारण उत्तर ऐकायला वेळ लागेल.