शिवेच्या दगडावरची गाडी

ऑडलबरीचं चीज इतकं कडक, की एकदा जेबेझ प्रुएटच्या गाडीचं चाक मोडलं, तेव्हा त्यानं आसाला चीजचाच गोळा लावला आणि गाडी घरी नेली. चीज जराही झिजलं नाही. रस्ता तेवढा खोल गेला. खोटं वाटत असेल तर गुरुवारच्या बाजारात जाऊन विचारा. तिथं सगळे शपथेवर सांगतील, कारण सगळ्यांना चीज विकायचं असतं.

या जेबेझच्या टाळूवर एक टेंगूळ होतं. तो सात वर्षांचा असताना गावातल्या थोरांनी शीव फिरण्याच्या दिवशी त्याला उलटा धरला आणि पुलाच्या मधोमध असलेल्या शिवेच्या दगडावर त्याचं डोकं आपटलं. हद्द जन्मभर लक्षात राहावी म्हणून दर वसंतात एका पोराला हा मान मिळायचा. जेबेझच्या चांगलीच लक्षात राहिली. दगडाच्या अलीकडे ऑडलबरी, पलीकडे हॉक्सली. डोळे बांधले तरी तो बोटभर चुकत नसे.

म्हणूनच गावाचं ते काम त्याच्याकडे होतं.

ते काम असं. बिननवऱ्याची बाई ज्या हद्दीत बाळंत होईल, त्या गावानं ते मूल पोसायचं, असा कायदा. म्हणून दिवस भरलेली परकी बाई दिसली, की तिला गाडीत घालून पुलापार सोडायची. आजवर जेबेझनं आठ जणी सोडल्या होत्या. पाचवीला भुरभुरत्या बर्फात काटेरी कुंपणापाशी उतरवलं, तेव्हा तिनं त्याची बाही धरली होती. त्यानं ती सोडवून घेतली. सकाळी हॉक्सलीवाल्यांनी तिथंच खड्डा खणला. एका बाईसाठी खणला, पण पुरलं दोघांना.

आणि आज, भर बाजारात, लोणी विकायच्या मंडपाखाली नववी बसली होती. दोन्ही हातांनी खांब धरून, दात आवळून.

गावातल्या गरिबांच्या पोषणाचा खर्च सांभाळणारे कारभारी क्रिम्पसाहेब काठी आपटत आले. "प्रुएट! गाडी आण. लवकर! इथं बाळंत झाली तर पोराला बारा वर्षं पोसावं लागेल."

"मालक, तिच्या कळा सुरू झाल्यात."

"म्हणूनच लवकर म्हणतोय ना, गाढवा!"

अंडी विकणारी मर्सीमावशी गावची सुईणही होती. टोपली तिथंच टाकून ती गाडीत चढली. "मी येणार. आणि क्रिम्प, माझी अंडी मोज. एक जरी कमी झालं, तर तुझ्या आईनं तुला कसा जन्म दिला ते बाजारात ओरडून सांगेन. मीच होते तिथं."

लोक हसले. ती बाई मात्र कण्हली आणि हसू विरलं. जेबेझनं घोडा हाकला. प्रत्येक खड्ड्यात मागून एक आवाज यायचा, आणि त्याच्या टाळूवरचं टेंगूळ ठणकायचं.

पुलावर चढताच त्याला दिसलं, की पलीकडे हॉक्सलीचा कारभारी टोली चार गडी घेऊन उभा आहे. गड्यांच्या हातांत गवताची दाताळी.

"परत ने, प्रुएट! दगड ओलांडलास तर घोड्याला भोसकीन!"

आपली माणसं घेऊन मागोमाग आलेले क्रिम्पसाहेब ओरडले, "मागं वळलास तर गावात तुला काम मिळणार नाही! पुढं हाक!"

गडी घोड्याला मागं रेटू लागले, क्रिम्पची माणसं गाडी पुढं ढकलू लागली. गाडी दोन हात पुढं, दोन हात मागं. आत बाईनं किंकाळी फोडली.

"अरे मुडद्यांनो, डोकं दिसतंय!" मर्सीमावशी गरजली. "हलवू नका!"

जेबेझ खाली उतरला. गाडीचा मधला भाग नेमका दगडावर होता. तो आतल्या बाईकडे वळला आणि आठ जणींना कधी न विचारलेलं त्यानं विचारलं, "पोरी, नाव काय तुझं?"

"टॅमझिन," ती कशीबशी म्हणाली, आणि तिनं त्याची बाही धरली.

या वेळी त्यानं ती सोडवली नाही. मोकळ्या हातानं जवळच्या चाकाची खीळ उपटली आणि नदीत भिरकावली.

"आता ओढा!" तो म्हणाला. "चाक निखळेल, गाडी कलंडेल, आणि खून कोणत्या हद्दीत झाला ते तुम्ही दोघं मिळून ठरवा."

दोन्हीकडची माणसं थबकली. मागं बाजार तुंबला. मेंढरं, पिंपं, पाय झिजू नयेत म्हणून डांबर फासून शंभर मैल चालवत आणलेले हंस, सगळं पुलाच्या दोन्ही टोकांना अडलं. बायका शाली काढून पुढं आल्या आणि गाडीभोवती धरून उभ्या राहिल्या. हंससुद्धा गप्प झाले म्हणतात. मी म्हणतो, झाले असतील.

मग आतून रडणं ऐकू आलं. मुलगी.

"कोणत्या बाजूला झाली?" दोन्ही कारभारी एकदम ओरडले.

"आईच्या बाजूला," मर्सीमावशी म्हणाली.

"प्रुएट, तू सांग! हद्द तुला ठाऊक आहे!"

"होती, मालक," जेबेझ म्हणाला. "आत्ताच विसरलो."

लोहाराला खीळ करायला सांगितलं, तर त्याची कंबर अचानक धरली. दोन्ही कारभाऱ्यांनी मायलेकींना निम्मं-निम्मं पोसायचा कागद लिहून सह्या केल्या, तेव्हा कुठं ती सुटली. टॅमझिन मर्सीमावशीच्या घरी राहिली. जेबेझला मात्र गावाचं काम पुन्हा मिळालं नाही, आणि त्यानं ते मागितलंही नाही.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच पूल ओलांडून काटेरी कुंपणापाशी गेला. पाचवीला पुरलं होतं त्या मातीच्या उंचवट्यावर लावायला त्यानं एक लाकडी पाटी नेली होती. हॉक्सलीत दारोदार त्यानं एकच गोष्ट विचारली, "तिचं नाव काय होतं हो?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. ऑडलबरीतही नव्हतं. दोन गावांना मिळून तिची हद्द तेवढी पाठ होती.

ती पाटी अजून कोरीच आहे. तुमच्या गावाच्या शिवेवरही अशी एखादी असेल. तिच्यावर लिहायचं नाव तुम्हाला सांगता येईल का?