पाहुण्यांची साखळी

दुपारची भांडी विसळताना थेमेलिनाच्या पायाखालची फळी जरा जास्तच वर आली आणि तिचा हात थांबला. चार वर्षं बोटीवर संसार केलेल्या बाईला असल्या गोष्टी पायातूनच कळतात. तरी ती शिडी चढून वर आली. वाळत घातलेला ऑक्टोपस दोरीवर झोके घेत होता. धक्क्याला बांधलेले मागचे दोन्ही दोर सैल पडत होते, मग करकरत ताणले जात होते. वारा असा नव्हताच. पाणी मात्र दक्षिणेकडून फुगून येत होतं, गुळगुळीत, तेल ओतल्यासारखं.

म्हणजे ओस्त्रिया येणार. दक्षिणेचा हा वारा आपल्या लाटा नेहमीच पुढे धाडतो.

बंदराचं तोंडच दक्षिणेला. उन्हाळाभर उत्तरेचा वारा असे, तेव्हा इथलं पाणी तळ्यासारखं. पण ऑक्टोबरात अशी चाहूल लागली की होड्या दोर सोडून टेकाडापलीकडच्या अरुंद खाडीत पळत. मागे राहील ती धक्क्याच्या दगडांवर आपटून संध्याकाळपर्यंत जळणाच्या लायकीची होई. आताही कोळ्यांच्या होड्या एकामागून एक निघाल्या होत्या.

आणि साकेलारिस नेमका घरी नव्हता. तिचा नवरा सकाळच्या फेरीबोटीने कोस बेटावर कानाच्या डॉक्टरकडे गेला होता. स्पंज काढायला तीस वर्षं समुद्राच्या तळाशी उतरलेला माणूस. दोन्ही कान आणि एक पाय त्याने तिथेच घालवले होते. तो पाचला येणार होता. आत्ता दोन वाजत होते.

‘घरी’ म्हणजे याच बोटीवर. थोरल्या मुलीचं, सेवास्तीचं, लग्न झालं आणि रीतीप्रमाणे घर तिच्या नावे झालं. इतर आईबाप परसातल्या खोलीत सरकतात. साकेलारिस म्हणाला होता, “कोंबड्यांच्या शेजारी राहण्यापेक्षा बोट काय वाईट? आणि एकदा दिलेल्या घरात मी पुन्हा पाठ टेकणार नाही, सांगून ठेवतो.” तेव्हा सगळं गाव हसलं होतं. थेमेलिना महिनाभर रडली होती. मग हळूहळू तिला ते दिवस आवडायला लागले. सकाळी भट्टीवरून गरम पाव घेऊन येणारी बाई धक्क्यावरूनच हाक मारायची. पत्र्याच्या डब्यात तुळस वाढली होती, टपावर अंजिरं सुकायची, आणि कॉफी पिता पिता अख्ख्या गावाची ख्यालीखुशाली बसल्या जागी कळायची. तिच्या आयुष्यात इतकी मोकळी हवा आधी कधी नव्हती.

ती पुढे गेली आणि नांगराच्या रहाटाचा दांडा फिरवायला लागली. चार फेरे झाले, साखळी ताठ झाली, बोटीचं नाक खाली वाकलं. पुढे दांडा हलेना.

तिला माहीतच होतं. तिच्या साखळीवर अथेन्सवाल्यांची साखळी पडली होती.

रविवारी ते नवराबायको आपली पांढरीशुभ्र बोट घेऊन आले होते. बंदरात सगळे मध्यावर नांगर टाकून उलटे मागे येतात आणि धक्क्याला पाठ लावतात. या गृहस्थाने नांगर तिरका टाकला, थेट यांच्या साखळीवरून. साकेलारिस ओरडायला उठला, तर थेमेलिनानेच त्याची बाही ओढली. “पाहुणे आहेत. आत्ता कुठे टेकले, आणि तू त्यांना परत नांगर उचलायला लावतोस? शोभतं का आपल्याला?” तेवढ्यात ती बाई बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन हसत आली, आणि तो धुसफुसत खाली बसला.

“मिकेस!” थेमेलिनाने धक्क्यासमोरच्या कॉफीच्या दुकानाकडे हाक मारली. “अथेन्सवाले कुठे आहेत?”

म्हातारा मिकेस दारात आला. “टॅक्सी करून मठ बघायला गेलेत. काल तूच म्हणालीस ना त्यांना, वरच्या खाणावळीतलं बोकडाचं मटण खाल्ल्याशिवाय बेट सोडू नका? आता खाऊन, झोप काढून येतील निवांत.”

“आणि त्यांची साखळी?”

“ती तुझ्या मिठाईबरोबर आली, थेमेलिना. फुकट काही मिळत नाही बाई.” मग समुद्राकडे बघून त्याचं हसू मावळलं. “खाणावळीत फोन करून बघतो. पण खाली यायला त्यांना तास लागेल.”

तासभर वेळ नव्हता. धक्का आणि बोट यांच्यामध्ये टांगलेली टायरं आताच चिरडल्यासारखी कण्हत होती. एकच उपाय होता: साखळी शेवटापर्यंत सोडून द्यायची, टोकाला खुणेसाठी तरंगणारा रिकामा डबा बांधायचा आणि नांगर मागे ठेवून निघायचं. पण तो सासऱ्यांच्या वेळचा नांगर. तो गेल्यावर उरणार तो छोटा, जेवायला थांबताना टाकायचा. त्याच्या भरवशावर वादळ काढायचं? आणि बोट बाहेर नेणार कोण? सुकाणू नेहमी साकेलारिसच्या हातात. तिच्या हातात फक्त दोर. तिने उगाचच तुळशीचा डबा उचलून आत ठेवला, मग अंजिरं आत नेली, मग पुन्हा बाहेर येऊन नुसतीच उभी राहिली.

“आई!” सेवास्ती धावत आली होती. हाताला कणीक तशीच. “उतर खाली. घरी चल.”

“आणि बोट?”

“जाऊ दे बोट. बोटीपायी जीव घालवायचा?”

“जाऊ दे म्हणजे? माझं घर आहे ते.”

“मग वर गावात आहे ते कुणाचं?”

“तुझं.”

सेवास्तीचा चेहरा पडला. “चार वर्षं हेच ऐकतेय. बाजारात बायका म्हणतात, लेक दगडी घरात लोळते आणि आईबाप बंदरात हेलकावे खातात. नवरा जहाजावर, मी एकटी त्या पाच खोल्यांत. मी मागितलं होतं का घर?”

“रीत आहे ती. मला माझ्या आईने दिलं, मी तुला दिलं.”

“मग रीत म्हणूनच बुडा दोघं!”

तेवढ्यात एक मोठी लाट आली. उजवीकडचा दोर बंदुकीच्या बारासारखा तुटला, बोट तिरकी फिरली आणि मागचं लाकूड दगडावर घासलं. तो आवाज थेमेलिनाच्या दातांत गेला.

सेवास्तीने चपला काढून धक्क्यावर फेकल्या आणि उडी मारली. लग्नानंतर तिने या बोटीवर पाय ठेवला नव्हता. “इंजिन अजून तसंच हट्टी आहे?”

“तसंच.”

“माझी पोर मिकेसच्या बायकोकडे ठेवलीय. तू साखळी सोड. डबा घट्ट बांध, नाहीतर बाबा जन्मभर सुनावतील.”

इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. तिसऱ्यांदा सेवास्तीने बापाच्याच शब्दांत त्याला शिव्या घातल्या, तेव्हा ते सुरू झालं. थेमेलिनाने साखळीचं टोक सोडलं. लोखंड खडखडत पाण्यात गेलं आणि मागोमाग डबा तरंगायला लागला. मिकेसने उरलेला दोर धक्क्यावरून फेकला.

बंदराबाहेर पडताच वारा आला. डोंगर एकदा वर जायचा, एकदा दिसेनासा व्हायचा. दोघी सुकाणूला छातीने रेटून उभ्या होत्या. थेमेलिना मनात सगळ्या संतांची नावं घेत होती. मध्येच क्रम चुकायचा आणि ती पहिल्यापासून सुरू करायची.

खाडीत शिरल्यावर छोटा नांगर टाकला, तर तो तळावरून घसरत गेला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. या खेपेला धरल्यासारखा वाटला. सेवास्तीने कमरेला दोर बांधून पोहत जाऊन तो काठावरच्या कातळाला गुंडाळला. ओलीचिंब, ओठ निळे. थेमेलिनाने तिला साकेलारिसचा लोकरी सदरा घातला, आणि एका कोळ्याच्या होडीतून काठावर उतरून दोघी तिथल्या एकुलत्या एक दुकानात फोन करायला गेल्या. तोवर साडेपाच झाले होते.

मिकेसने उचलला. “फेरीबोट कशीबशी लागली. तुझा नवरा रिकाम्या जागेसमोर उभा आहे. ते अथेन्सवाले त्याची माफी मागतायत. त्यांची बोट दगडावर घासून अर्धी सोलली. देऊ त्याला?”

रिसीव्हरमध्ये श्वास ऐकू आला.

“बोट?” साकेलारिस म्हणाला.

“आहे. मागे घासलीय थोडी. नांगर तिथेच आहे, डबा बांधलाय.”

“कुणी नेली?”

“सेवास्तीने. मी होते सोबत.”

कान गेलेल्या माणसाने ऐकलं की नाही, थेमेलिनाला कळेना. मग सेवास्तीने फोन ओढून घेतला आणि ओरडून म्हणाली, “बाबा, आम्हाला आज इथून हलता येणार नाही. दोराला माणूस लागतोय. पोर मिकेसकाकांकडे आहे, अनोळखी घरात ती झोपत नाही. तिला घरी न्या.”

“मी इथेच मिकेसच्या दुकानात बसेन.”

“तिलाही दुकानात बसवाल?”

तिकडे वाऱ्याने काहीतरी आदळलं.

“तिला दूध गरम लागतं की गार?” साकेलारिसने विचारलं.

“गरम. मध घालून.”

“बरं. त्या दोराला कातळावर फडकं गुंडाळा, नाहीतर कापला जाईल.” फोन ठेवला गेला.

सेवास्ती रिसीव्हर हातात धरून रडायला लागली. थेमेलिनाने तिच्या पाठीवरून हात फिरवला खरा, पण लक्ष खिडकीबाहेर होतं. बोट नांगरावर एकदा इकडे, एकदा तिकडे झोकांड्या खात होती, आणि कातळावरच्या दोराला फडकं नव्हतं.

“चल,” ती म्हणाली, आणि कमरेचा अ‍ॅप्रन सोडतच बाहेर पडली.